लेलँड मामाचे दोन डॉलर

चूक माझी होती, हे सुरुवातीलाच लिहून टाकतो. नाहीतरी गावात ते सगळ्यांना माहीत आहे.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. गावातल्या मिलरोड कॅफेत दुपारचं जेवण आटोपून लेलँड मामानं दाराजवळच्या काउंटरवर बिल दिलं आणि तो बाहेर माझ्या पिकअपमध्ये जाऊन बसला. मागोमाग ॲर्डिस मामी निघाली. अर्ध्या वाटेतून ती परत आली, हातमोजे राहिले म्हणून स्वतःवरच चिडचिड करत टेबलापाशी गेली, मोजे उचलले आणि पुन्हा बाहेर पडली. मी हात धुऊन आलो तेव्हा मामाच्या कपाखाली एक-एक डॉलरच्या दोन नोटा होत्या. त्या नेहमीच असतात. पण केचपच्या बाटलीखाली दहाची एक नोट होती.

आमच्या घरात टिप म्हणजे दोन डॉलर. मला दुधाचे दात आले तेव्हा दोन होते, अक्कलदाढ आली तरी दोनच आहेत. त्यामुळे ती दहाची नोट टिप असेल ही शंका मला शिवलीसुद्धा नाही. मोजे शोधताना मामीच्या पर्समधून पडली असणार. मी ती उचलली, बर्फावरून घसरत पिकअपपर्यंत धावलो, दार उघडलं आणि गुणी भाच्याच्या थाटात म्हणालो, "मामी, तुझे दहा डॉलर टेबलावर राहिले होते."

मामीनं माझ्याकडे बघितलं. असं बघणं माझ्या वाट्याला आधी एकदाच आलं होतं, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना माझा फोन वाजला तेव्हा.

"टेबलावर?" मामानं विचारलं.

इथे गप्प बसलो असतो तरी निभावलं असतं. पण माझं शिक्षण गावातच झालंय. अर्धवट उत्तराला आमच्या शाळेत मार्क नव्हते.

"केचपच्या बाटलीखाली," मी म्हणालो.

मामानं थोडा वेळ समोरच्या काचेतून बाहेर पाहिलं. "नोट आपल्या पायांनी बाटलीखाली जात नाही, ॲर्डिस."

मामी खाली उतरली, माझ्या हातातली नोट ओढून घेतली आणि तरातरा कॅफेत गेली. खिडकीतून आम्हाला सगळं दिसत होतं. तिनं नोट टेबलावर ठेवली, वर तळहात आपटला आणि परत येऊन बसली.

"मी काही विसरले नव्हते," ती म्हणाली. "ठेवली होती. कोल्टन, गाडी काढ."

आता मामाबद्दल. लेलँड ब्राउअर, वय एकाहत्तर. आमच्या कौंटीच्या रस्तेखात्यात त्यानं चौतीस वर्षं गाडी चालवली, उन्हाळ्यात खडीच्या रस्त्यांवर आणि हिवाळ्यात पुढे लोखंडी पातं लावून बर्फ ढकलायला. त्याच्या पात्याखालून गेला नाही असा एकही रस्ता या भागात नाही. माणूस कंजूष म्हणाल तर तसा नाही. शेजारच्या विधवा बाईचं अंगण आजही स्वतःच्या ट्रॅक्टरनं साफ करून देतो, आणि ती पैसे द्यायला आली तर दार लावून घेतो. एकदा दुकानदारानं साठ सेंट जास्त परत दिले, तर ते द्यायला अकरा मैल माघारी गेला. पेट्रोल किती जळलं हे विचारायची आमची छाती झाली नाही.

फक्त टिपेचं नाव काढलं की तो दगड.

"चौतीस वर्षं मी बर्फ ढकलला," हा त्याचा पहिला मुद्दा. "एकानं तरी माझ्या पात्याखाली नोट सरकवली?"

दुसरा मुद्दा जास्त घातक होता, कारण त्यावर त्याचा मनापासून विश्वास होता. "टिप ज्याला तोंड नाही त्यानं द्यावी. आपण नाव घेऊन बोलावं, पोराबाळांची चौकशी करावी, थोडं हसावं, थोडं हसवावं. मग दोन डॉलर नुसते रिवाजापुरते. माणूस माणसाला ओळखतो." धान्याच्या कोठारापाशी सकाळी जी म्हातारी मंडळी जमतात, त्यांना हे प्रवचन इतक्या वेळा ऐकावं लागलंय की मामानं सुरुवात केली की ते शेवट म्हणतात.

आणि मामाचा पुरावा होता ट्वायला.

ट्वायला मिलरोड कॅफेतली वेट्रेस. साठीला टेकलेली, गुडघ्याला पट्टा, कानामागे पेन. एकोणीस वर्षं तिथेच आहे. मामा रस्ता ओलांडताना दिसला की त्याच्या कपात कॉफी पडलेली असायची. खिडकीजवळचं टेबल त्याचं. "काय लेलँड राजा, आज दाढी केलीस, कुणावर डोळा आहे?" असं ती म्हणायची आणि मामा कानापर्यंत लाल व्हायचा. शुक्रवारी तळलेल्या माशाबरोबर मक्याचा पाव असतो, मोठ्या ट्रेमध्ये भाजून चौकोनी कापलेला. कोपऱ्याचा तुकडा दोन बाजूंनी खरपूस होतो. ट्रेला कोपरे चारच असल्यामुळे त्यांवरून आमच्या गावात माणसांचं एकमेकांशी बोलणं बंद झालेलं आहे. मामाला तो तुकडा न मागता मिळायचा. मामाच्या खुब्याचं हाड बदललं, तेव्हा तर ती दवाखान्यात भेटायला आली.

"बघितलंस?" मामा मला म्हणायचा. "दोन डॉलर."

मी त्याचा शिष्य. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला घेऊन मोठ्या गावात जेवायला गेलो होतो. बिल चौसष्ट डॉलर झालं. मी दोन डॉलर ठेवले आणि मामाच्या शिकवणीप्रमाणे वेट्रेसकडे तिच्या पोराबाळांची चौकशी केली. वेट्रेस एकोणीस वर्षांची होती. परतीच्या वाटेवर माझ्याबरोबरच्या मुलीनं खिडकीबाहेर जे बघायला सुरुवात केली, ते तिचं घर येईपर्यंत.

तर त्या शुक्रवारी गाडीत.

"किती वर्षं?" मामानं विचारलं.

"कसली वर्षं?" मामी म्हणाली.

"ॲर्डिस."

"ट्वायला आली तेव्हापासून."

मामानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग एकदम म्हणाला, "चष्मा?"

"हो."

"छत्री? तो निळा गळपट्टा?"

"हो, सगळं."

हे समजण्यासाठी मामीचा विसरभोळेपणा माहीत पाहिजे. गावात तो प्रसिद्ध होता. दर शुक्रवारी कॅफेतून बाहेर पडलं की मामीचं काहीतरी आत राहायचं. मोजे, चष्मा, एकदा तर एकच बूट, पावसाळी, वरून घालायचा. मामानं तिच्या चष्म्याला साखळी आणून दिली. तरी थांबेना, तेव्हा चार वर्षांपूर्वी तो तिला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी तिला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मामाला बाहेर बोलावून सांगितलं की बाईंची स्मरणशक्ती बहुधा तुमच्यापेक्षा चांगली आहे. मामाला ते पटलं नव्हतं. तो मला म्हणाला होता, डॉक्टर तरुण आहे.

"मला वाटायचं, एक दिवस तू मलाही विसरशील," मामा गाडीत म्हणाला. "मी पुस्तकं आणून वाचली त्याच्यावर."

मामीनं हातमोजे काढले आणि पुन्हा चढवले.

घराच्या वळणावर मामा पुन्हा बोलला. "खिडकीचं टेबल?"

"लेलँड, जाऊ दे."

"कोपऱ्याचा तुकडा?"

"जाऊ दे म्हटलं ना."

"म्हणजे दहा डॉलर," मामा म्हणाला. आणि मग अगदी हळू, जणू कुणाची तरी तक्रार करतोय असा, "मला वाटलं, ती मला बघून हसते."

यापुढचा महिना मला कुणी भरून दिला तर हवा आहे. खुब्याचं हाड बदलल्यापासून मामाला रस्त्यावर गाडी चालवायची बंदी आहे आणि मामी चालवत नाही. म्हणजे शुक्रवारचा सारथी मी. मी शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात काउंटरला असतो. दुपारची सुट्टी एक तास. मिलरोड कॅफे चार मिनिटांवर. पण मामानं जाहीर केलं की त्या कॅफेत आता तो पाऊल टाकणार नाही.

पहिल्या शुक्रवारी तो आम्हाला वीस मैलांवर, महामार्गाच्या फाट्याजवळच्या एका नव्या हॉटेलात घेऊन गेला. घेऊन गेला म्हणजे मी गाडी चालवली. तिथे बिलाची चिठ्ठी नसते. मुलगी एक छोटं मशीन आणून त्याचा पडदा आपल्यासमोर धरते. त्यावर मामाला टिपेच्या तीन चौकटी दिसल्या. वीस टक्के, पंचवीस टक्के, तीस टक्के.

"हे कुणी लिहिलं?" मामानं तिला विचारलं.

"मशीननं," ती म्हणाली.

"मशीन जेवण वाढायला आलं होतं?"

"मामा, खाली 'स्वतः ठरवा' म्हणून चौकट आहे," मी म्हणालो.

"तेच तर मला येत नाहीये," मामा म्हणाला, आणि पडदा माझ्याकडे सरकवला. मी वीस टक्के दाबले. मुलगी पूर्ण वेळ आमच्या बोटांकडे बघत होती. मी दुकानात पंचवीस मिनिटं उशिरा पोचलो. मालक मनगटावरच्या घड्याळावर बोट वाजवत उभा होता.

दुसऱ्या शुक्रवारी मामानं सुचवलं की गाडीत बसल्या-बसल्या खिडकीतून बर्गर घ्यावेत. "इथे टिपेची भानगडच नाही," तो समाधानानं म्हणाला. मामीच्या चांगल्या कोटावर केचप सांडलं. ती कागदी रुमालानं पुसत राहिली, डाग पसरत राहिला.

"इथे टिप नाही," ती म्हणाली, "आणि ट्वायलाही नाही. तुला कळतंय का, आठवड्यातून एक तास मला दुसऱ्या बाईशी बोलायला मिळायचा?"

"तू तिच्याशी बोलायचीस?"

"मोजे घ्यायला गेल्यावर काय करत होते मी? दहा डॉलर ठेवायला पाच मिनिटं लागतात?"

मामाला हे नवीन होतं. मला वाटतं, मघाच्या बर्गरपेक्षा जास्त जड गेलं. थोड्या वेळानं त्यानं उरलेले बटाटे पिशवीत गुंडाळले आणि समोर बघत विचारलं, "ॲर्डिस, तूही होतीस ना वेट्रेस?"

ते मला ऐकून माहीत होतं. लग्नाआधी दोन वर्षं मामी महामार्गावरच्या ट्रकवाल्यांच्या खाणावळीत कामाला होती. मामा तेव्हा नुकताच रस्तेखात्यात लागला होता आणि रोज तिथे जेवायला जायचा. तिची आणि त्याची ओळख तिथलीच.

"होते," मामी म्हणाली.

"मग तू तेव्हा हसायचीस, ते..."

मामीनं पुसणं थांबवलं. मी स्टिअरिंगकडे बघायला लागलो. ती जागा सोडून जाण्यासारखी होती, पण गाडी माझी होती.

"दहा सेंट ठेवायचास तू," मामी म्हणाली. "रोज. दहा सेंट. शेजारचा ट्रकवाला एक डॉलर ठेवायचा आणि मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. दहा सेंटांत कोण हसतं, मूर्खा?"

मामानं तिच्या कोटावरचा डाग बघितला. मग रुमाल घेऊन स्वतः पुसायला लागला आणि तो आणखी पसरवला.

मला वाटलं, चला, मिटलं. तिसऱ्या शुक्रवारी मामाला ताप होता, म्हणून मी एकटा डबा खाल्ला आणि सुखी होतो. चौथ्या शुक्रवारी सकाळीच फोन.

"आज मिलरोड," मामा म्हणाला. "मला सोक्षमोक्ष लावायचाय. आज टेबलावर फक्त माझे दोन डॉलर राहतील. मग बघू ती कशी वागते."

"मामा, टिप जेवण झाल्यावर ठेवतात. आज दोन ठेवलेस तर ती कशी वागते ते पुढच्या शुक्रवारी कळेल."

"म्हणजे दोन शुक्रवार लागतील?"

"कमीत कमी."

"एवढा दम मला नाही. तिलाच विचारतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मी सांगून पाहिलं. त्यानं फोन ठेवला होता.

मी न्यायला गेलो तेव्हा मामीची पर्स स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेली होती, मामाच्या हुकमानं. तिच्या कोटाचे खिसेही त्यानं स्वतः तपासले. मग तो माझ्याकडे वळला.

"मामा, मी सव्वीस वर्षांचा आहे," मी म्हणालो. तेव्हा सोडलं.

कॅफेत शिरलो तर कपात कॉफी पडलेली.

"तीन शुक्रवार कुठे होतास राजा?" ट्वायला म्हणाली. "दुसरी कुणी भेटली की काय?"

मामा लाल झाला नाही. तो टेबलाशी असा बसला, जसं दातांच्या डॉक्टरकडे बसतात. मासे आले, कुस्करलेले बटाटे आले, आणि त्याच्या ताटलीत मक्याच्या पावाचा कोपऱ्याचा तुकडा आला. मामानं तो उलटा करून बघितला, मग माझ्या ताटलीत सरकवला. मी खाल्ला. महिनाभराच्या हालांची भरपाई म्हणून तेवढा माझा हक्क होता.

ट्वायला ताटल्या उचलायला आली तेव्हा मामानं तिचं मनगट धरलं नाही, पण आवाजानं धरल्यासारखं केलं. "ट्वायला, ॲर्डिस दहा डॉलर ठेवायची ते तुला माहीत होतं?"

ट्वायलानं मामीकडे बघितलं. मामी मिठाच्या डबीवरचं नाव वाचत होती.

"टेबल मीच पुसते, लेलँड. नोटांसकट पुसते असं वाटलं तुला?"

"आणि मी दोन ठेवायचो."

"तेही माहीत होतं."

"मग खरं सांग. तो कोपऱ्याचा तुकडा कुणासाठी यायचा? माझ्यासाठी की त्या दहासाठी?"

मागच्या टेबलावर कोठारापाशी बसणाऱ्यांपैकी तिघे होते. त्यांनी काटे खाली ठेवले.

"दहासाठी," ट्वायला म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. "ट्रेला चार कोपरे असतात आणि मालक मला तासाला दोन डॉलर तेरा सेंट देतो. बाकीचं तुम्ही लोक ठरवता. तू मला मालकापेक्षा तेरा सेंट कमी देत होतास."

मागे कुणीतरी खोकलं. मामानं मान हलवली, जणू रस्ता किती खचलाय हे कुणी त्याला दाखवत होतं आणि ते त्याला पटत होतं.

"कॉफी कुणासाठी?" त्यानं विचारलं.

"कॉफी सगळ्यांना मिळते."

"आणि दवाखान्यात आलीस ते?"

"तो माझ्या सुट्टीचा दिवस होता."

"म्हणजे?"

"म्हणजे सुट्टीच्या दिवशी मी कामाचं हसत नाही. पार्किंगचे चार डॉलर गेले माझे त्या दिवशी, वर तू झोपलेला."

मामाला वाटलं होतं, उत्तर एकच येईल. हो तरी किंवा नाही तरी. दोन्हीसाठी तो तयारी करून आला होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. हे तिसरंच निघालं.

"मग थोडं पैशाचं आणि थोडं मनाचं असेल," तो म्हणाला, "तर माणसानं ठेवायचे किती?"

"ते मला नको विचारूस. मला अजून सहा टेबलं आहेत." तिनं त्याचा कप भरला आणि गेली.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही, कारण त्यातलं प्रत्येक मिनिट मी भिंतीवरच्या घड्याळात मोजलं. मामा काउंटरवर जाऊन बिल देऊन आला. परत टेबलाशी बसला. दोन नोटा काढल्या, कपाखाली ठेवल्या. काढल्या.

"दोन ठेवले तर मी काही ऐकलंच नाही असं होईल," तो म्हणाला.

"मग दहा ठेव," मी म्हणालो.

"ते ॲर्डिसचे. मी दहा ठेवले तर ॲर्डिसची नक्कल."

"मग वीस टक्के. सगळे तेवढेच ठेवतात."

"का?"

"सगळे ठेवतात म्हणून."

"हे उत्तर झालं? तुला शाळेत कुणी पास केलं?"

"मामा, मला एक वाजता दुकानात पोचायचंय."

"तू मशीनची चौकट दाबणारा. तुला काय कळणार."

मधून-मधून ट्वायला यायची, कप भरायची, जायची. मामा तिच्याकडे बघायचा आणि ती गेल्यावर हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. जास्त ठेवले तर माफी मागितल्यासारखं दिसेल. कमी ठेवले तर राग धरल्यासारखं. मधलं ठेवलं तर नक्की काय मधलं, ते सांगा. मी मदतीसाठी मामीकडे बघितलं.

मामीनं हातमोजे चढवले होते. दोन्ही. "मी आज काहीही विसरणार नाहीये," ती म्हणाली. "त्याचं त्याला ठरवू दे. एकोणीस वर्षं मी ठरवलं."

एक वाजून दहा मिनिटांनी मामानं कपात बघितलं. "बसल्यापासून तिनं किती वेळा भरला हा?"

"पाच," मामी म्हणाली. ती बघत नाहीये असं मला वाटत होतं.

"पाच वेळा आली. मी तिच्याशी काय बोललो त्यानंतरसुद्धा आली." त्यानं पाकीट उघडलं. "पाच आणि माझे नेहमीचे दोन. सात."

आणि थांबला. कारण मामाच्या पाकिटात शुक्रवारी बिलाचे पैसे आणि वर दोन सुट्या नोटा, एवढंच असतं. जास्त न्यायचेच नाहीत, म्हणजे मोह होत नाही, हाही त्याचाच सिद्धांत. बिल तर देऊन झालं होतं. तो मामीकडे वळला.

"माझी पर्स ओट्यावर आहे," मामी म्हणाली. "तुझ्याच हुकमानं."

मग तो माझ्याकडे वळला. मागच्या टेबलावरचे तिघे आता खुर्च्या वळवून बसले होते.

"पाच दे रे."

"वीस टक्क्यांना नावं ठेवलीस मघाशी."

"कोल्टन."

मी पाचची नोट दिली. मामानं तिच्यावर आपल्या दोन नोटा ठेवल्या, कडा जुळवल्या, कपाखाली घातल्या, कप परत उचलून नोटा सरळ केल्या. दारापाशी पोचल्यावर तो मागे वळला. ट्वायला टेबलाशी आली होती. तिनं एका हातानं कप उचलला, दुसऱ्यानं नोटा उचलून मोजल्याशिवाय एप्रनच्या खिशात टाकल्या, फडकं मारलं आणि पुढच्या टेबलाकडे गेली.

"बघितलंही नाही तिनं," मामा म्हणाला. त्याचा आवाज खूप खाली गेला होता.

"काम आहे तिला," मामी म्हणाली, आणि त्याला पायरीवरून उतरायला हात दिला.

मी दुकानात पोचलो तेव्हा दीड वाजला होता. मालकानं घड्याळावर बोटसुद्धा वाजवलं नाही, नुसती माझी अर्ध्या दिवसाची हजेरी खोडली. तेव्हा हिशेब लावला तर त्या सात डॉलरांमध्ये खरी झळ कुणाला लागली हे उघड आहे, पण ते मामाला कोण सांगणार.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा मिलरोडला होतो. मामानं बिल दिलं आणि पाकिटातून एक-एकच्या सात नोटा काढल्या, घरून मोजून आणलेल्या. मी हात पुढे केला.

"माझे पाच, मामा."

"हे तिचे आहेत," तो म्हणाला. "तुझे घरी ठेवलेत."

घरी मागितले, तर म्हणाला जेवणाच्या पैशाच्या गोष्टी जेवणाच्या टेबलावर कराव्यात. टेबलावर मागितले, तर मामी म्हणाली, "जेवू दे रे त्याला." आज अकरावा शुक्रवार. अजून मागतोय.